शेफिल्डच्या चढणीवर

लंडनमधील पिकॅडिलीच्या गजबजाटातून आल्बमार्ल स्ट्रीटमध्ये वळले की काही पावलांवर उंच स्तंभांची एक भारदस्त इमारत लागते. ही रॉयल इन्स्टिट्यूशन. तिच्या तळघरातील संग्रहालयात काचेआड लोखंडाचे एक कडे ठेवले आहे. सुमारे सहा इंच व्यासाचे. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळलेली आणि तारांच्या थरांमध्ये सुती कापडाच्या पट्ट्या. रंग उडालेली ही वस्तू पाहून एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरचे सामान आठवावे. परंतु २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडे यांनी याच कड्यावर एक प्रयोग केला. एका वेटोळ्यातील वीजप्रवाह सुरू किंवा बंद करताच, त्याच्याशी कोठेही जोडलेले नसलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज उमटली. चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हा नियम जगाला मिळाला. घरातील मिक्सरपासून कोयनेच्या जनित्रांपर्यंत सगळीकडे त्याचेच राज्य आहे.

मी तेथे गेले ती मात्र मिक्सरचे मूळ शोधण्यासाठी नव्हे. पुण्यात माझी थोरली बहीण, आमची आक्का, गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ आठवडे घराबाहेर पडू शकली नव्हती. सदाशिव पेठेतील आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. चौतीस पायऱ्या. क्ष-किरण चित्र उत्तम होते, जखम भरली होती, गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकत होता, वेदनाही सोसण्याजोगी होती. पण पायरी चढायला पाय उचलला की मांडी थरथरे आणि गुडघा दगा देई. “पायात जीवच नाही गं,” एवढेच ती म्हणे. अशातच पुण्यातील एका उपचारकेंद्राचे माहितीपत्रक आमच्या हाती आले. डोक्यावर यंत्र ठेवून मेंदूला उत्तेजन देण्याच्या दहा बैठका आणि पायातील गेलेली ताकद परत. पैसे मात्र सर्व बैठकांचे आगाऊ भरावयाचे. आक्काला ते फार मनावर घ्यावेसे वाटत होते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शेफिल्डला नोकरी करतो. त्याने माझे तिकीट पूर्वीच काढून ठेवले होते. आक्काजवळ तिची मुलगी राहायला आली आणि मी निघाले. “तिथे हे यंत्र निघालं म्हणतात, जरा विचारून ये,” हे तिचे शेवटचे वाक्य.

आल्बमार्ल स्ट्रीटवरून बसने ब्लूम्सबरीत उतरले की क्वीन स्क्वेअर नावाचा लांबट चौक लागतो. मधोमध बाग, बाकांवर दुपारचा डबा खाणारी माणसे, राणी शार्लटचा पुतळा. एका बाजूस तांबड्या विटांची, १८५९ साली स्थापन झालेल्या मज्जाविकारांच्या राष्ट्रीय रुग्णालयाची इमारत. याच रुग्णालयात पॅट्रिक मर्टन आणि त्यांचे सहकारी मॉर्टन यांनी १९८० साली जागेपणी, कवटी न उघडता, माणसाच्या मेंदूला बाहेरून वीज देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. शरीराला हालचालीचे हुकूम मेंदूच्या एका ठरावीक पट्ट्यातून सुटतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून व शस्त्रक्रियांतून आधीच ठाऊक होते. परंतु निरोगी माणसात त्या पट्ट्याला बाहेरून साद घालता येते, हे येथे सिद्ध झाले. अडचण एकच होती. कवटीचे हाड विजेला सहज वाट देत नाही. म्हणून झटका जोरदार द्यावा लागे आणि डोक्याची कातडी व स्नायू वेदनेने आक्रसत. रुग्णाला रोज सोसवेल असा हा मार्ग नव्हता. त्याचे उत्तर पाच वर्षांनी शेफिल्डमध्ये मिळाले.

सेंट पँक्रस स्थानकावरून शेफिल्डला जाणारी गाडी दोन तासांहून थोडा अधिक वेळ घेते. सपाट हिरवी शेते मागे पडतात, चेस्टरफील्डच्या चर्चचा प्रसिद्ध पिळवटलेला मनोरा खिडकीतून दिसतो आणि मग जमीन वर-खाली होऊ लागते. शेफिल्डच्या स्थानकाबाहेर पोलादाची एक लांबलचक चकचकीत भिंत आहे व तिच्यावरून अखंड पाणी वाहते. पोलाद आणि पाणी, दोन्ही या गावाची. नद्यांच्या पाण्यावर येथील धार लावण्याची चाके फिरत असत, आणि येथेच १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले. आपल्या स्वयंपाकघरातील स्टीलच्या डब्यांचे हे एक माहेरच म्हणावे.

रोमप्रमाणे हे शहरही सात टेकड्यांवर वसले आहे, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. भाच्याच्या घराकडे जाणारा रस्ता इतका उभा होता की मी दोनदा थांबले. माझ्यापुढे एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत, एका हाताने भिंतीचा आधार घेत, सावकाश चढत होते. थांबत होते, श्वास घेत होते, पुन्हा चढत होते. येथे दूध आणायचे तर चढण, दवाखान्यात जायचे तर चढण. मांडीच्या स्नायूंची किंमत अशा गावात फार लवकर कळते.

माझी भाचेसून तेथील रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. सांधे बदललेल्या रुग्णांना पुन्हा उभे करणे हेच तिचे रोजचे काम. जेवण झाल्यावर मी आक्काची हकीकत सांगितली. तिने लगेच यंत्राविषयी काही म्हटले नाही. उलट मलाच विचारले, “मावशी, आईंच्या मांडीवर हात ठेवून बघितलंय का? गुडघा खाली दाबायला सांगितलं की मांडी कडक होते, की मऊच राहते?”

मऊच राहते, हे मला ठाऊक होते.

“मग तिथूनच सुरुवात करू,” ती म्हणाली, आणि तिने जे समजावले ते सांधे बदललेल्या प्रत्येक घराने ऐकावे असे आहे.

मांडीच्या पुढच्या बाजूस जो मोठा स्नायू आहे, त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. खुर्चीतून उठणे, पायरी चढणे, उतरताना तोल सावरणे, ही सारी कामे मुख्यत्वे त्याची. गुडघा बदलल्यावर हाच स्नायू सर्वांत अधिक दुबळा होतो. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात या दुबळेपणाची मोजदाद झाली व ती २००५ साली प्रसिद्ध झाली. २० रुग्णांची शस्त्रक्रियेआधी आणि सुमारे महिन्याभराने तपासणी केली, तेव्हा त्यांची या स्नायूची ताकद सरासरी ६२ टक्क्यांनी घटलेली आढळली. स्नायूचा आकार मात्र केवळ १० टक्क्यांनी कमी झाला होता. मग उरलेली ताकद गेली कोठे? संशोधकांनी स्नायूला बाहेरून वीज देऊन पाहिले, तेव्हा रुग्णाने जीव तोडून आवळलेला स्नायूही प्रत्यक्षात पूर्ण कामाला लागलेला नव्हता, असे दिसले. ताकद घटण्यात स्नायू झिजण्याचा जेवढा वाटा होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट वाटा या अर्धवट पोहोचणाऱ्या हुकुमाचा होता.

मुलूख शाबूत, पण खलिताच पोहोचत नाही, अशी ही अवस्था.

असे का व्हावे? गुडघ्याला सूज आली, आत पाणी झाले, की सांध्यातील मज्जातंतू मज्जारज्जूला धोक्याचे संदेश धाडतात. मज्जारज्जू त्या स्नायूची नाडी आखडते. जखमी सांध्यावर भार पडू नये, हा निसर्गाचा हेतू. गंमत अशी, की वेदना नसतानाही हे घडते. निरोगी माणसाच्या गुडघ्यात केवळ खारे पाणी भरून हा अटकाव दाखवून देणारे प्रयोग १९६५ पासून झाले आहेत. १९८४ सालच्या एका प्रयोगात तर मांडीच्या आतल्या बाजूचा भाग दुबळा पडण्यास अवघे २० ते ३० मिलिलिटर द्रव पुरले. म्हणजे औषधाच्या लहान बाटलीत मावेल एवढा. पुढे हा अटकाव लांबला, की मेंदूतील हालचालींच्या पट्ट्यातही बदल होतात. वापर नसलेल्या वाटेवर गवत माजावे, तसे.

आक्का आळशी नाही, घाबरटही नाही, हे त्या रात्री मला प्रथम शास्त्राच्या भाषेत कळले. “जरा जोर लाव ना,” असे आपण घरातील माणसे नकळत म्हणतो. ज्याच्या हुकुमाची वाटच अडली आहे, त्याला ते वाक्य किती लागत असेल!

दुसऱ्या दिवशी ट्रामने विद्यापीठाच्या थांब्यावर उतरून आम्ही ग्लॉसप रोडने चालत वर गेलो. टेकडीवर उभी असलेली रॉयल हॅलमशायर रुग्णालयाची उंच, करडी काँक्रीटची इमारत शहराच्या बऱ्याच भागांतून दिसते. पर्यटकांच्या यादीत ती नाही. दारापाशी नेहमीचेच दृश्य: चाकाची खुर्ची ढकलणारी मुलगी, औषधांची पिशवी सांभाळणारे आजोबा, टॅक्सीची वाट पाहणारे जोडपे. परंतु अँथनी बार्कर, रेझा जलिनूस आणि इयान फ्रीस्टन यांनी मेंदूच्या चुंबकीय उत्तेजनाचे तंत्र शेफिल्डच्या याच वैद्यकीय परिसरात घडवले व १९८५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जगापुढे ठेवले.

कल्पना फॅरेडे यांच्या कड्याचीच. तारेचे वेटोळे डोक्यावर धरावयाचे आणि त्यातून अत्यंत जोरदार, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकणारा प्रवाह सोडावयाचा. त्यातून उमटणारे चुंबकीय क्षेत्र हाडातून बिनबोभाट आत जाते आणि मेंदूत अल्पशी वीज निर्माण करते. टक् असा आवाज होतो, डोक्याला टिचकी मारल्यासारखे वाटते आणि हाताची बोटे आपोआप हलतात. क्वीन स्क्वेअरमध्ये जे वेदना देऊन साधले होते, ते येथे जवळपास वेदनेविना साधले. कड्याचे दुसरे वेटोळे आता मेंदू झाला होता.

प्रारंभी या यंत्राचा उपयोग तपासणीपुरता होता: मेंदूपासून स्नायूपर्यंतची वाट शाबूत आहे की नाही, निरोप किती वेळात पोहोचतो, हे पाहण्यासाठी. पुढे ध्यानात आले, की असे ठोके पुन्हा पुन्हा, ठरावीक लयीत दिले तर त्या भागाची उत्तेजनक्षमता काही काळ वाढते किंवा घटते. औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी या उपचाराला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. दुसरे एक तंत्र याहून साधे आहे. जर्मनीतील गटिंगन येथे मायकेल नित्शे आणि वॉल्टर पॉलुस यांनी २००० साली दाखवले, की डोक्यावर ओलसर पट्ट्या ठेवून एक मिलिअँपिअर इतका क्षीण, एकसारखा प्रवाह काही मिनिटे वाहू दिला, तरी मेंदूचा तो भाग सजग किंवा सुस्त होतो. यात स्नायू उडत नाही, केवळ किंचित मुंग्या येतात. मनोरुग्णांना भूल देऊन आकडी आणणारा जो ‘शॉक’ आपण ऐकून असतो, त्याच्याशी या दोन्ही तंत्रांची गल्लत करू नये.

मग सांधेबदलानंतर अडलेली वाट अशा उत्तेजनाने मोकळी करता येईल का? प्रश्न रास्त आहे आणि म्हणूनच तो अनेक देशांत तपासला जात आहे. अमेरिकेतील चार्ल्सटन येथे गुडघा बदललेल्या ४० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. खरे उत्तेजन मिळालेल्या गटाला वेदनाशामक औषध, खोट्या उत्तेजनाच्या गटापेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी लागले. वेदना कमी तर व्यायाम अधिक, हा लाभ लहान नव्हे. परंतु हा अभ्यास वेदनेचा होता, ताकदीचा नव्हे. ताकदीविषयीचे प्रयोग अद्याप लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यात शरीररचनेचीही एक अडचण आहे. हाताचा पट्टा मेंदूच्या पृष्ठभागावर आहे. पायाचा पट्टा मात्र दोन अर्धगोलांच्या मधल्या खाचेत, आत दडलेला आहे. तेथवर नेमके पोहोचणे अधिक अवघड.

“आणि एक गोष्ट कोणतंही पत्रक ठळक अक्षरांत सांगत नाही,” भाचेसून म्हणाली. “उत्तेजनाने वाट थोडा वेळ मोकळी होते. त्या वेळात चालायचं काम रुग्णालाच करावं लागतं. यंत्र लावून झोपून राहिलं तर स्नायू वाढत नाही. स्नायू भारानेच वाढतो.”

तिने मग ज्याला भक्कम आधार आहे अशा दुसऱ्या उत्तेजनाची आठवण करून दिली. ते मेंदूला नव्हे, थेट मांडीला दिले जाते. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे ६६ रुग्णांवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांत सुरू करून सहा आठवडे दिवसातून दोनदा मांडीच्या स्नायूला वीज दिली. नेहमीच्या व्यायामाला याची जोड मिळालेल्यांची ताकद साडेतीन आठवड्यांनी स्पष्टपणे अधिक होती आणि वर्षानेही तो फरक काही अंशी टिकून होता. हे ऐकताना मला हसू आले. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या फिजिओथेरपी केंद्रांत ‘शेक आणि करंट’ मिळतो. स्नायू आकुंचित करणाऱ्या त्या करंटला तेथील मंडळी ‘फॅराडिक’ म्हणतात. काचेआडच्या कड्याचे नाव आपल्या पेठेतील दवाखान्याच्या पावतीवर कधीचेच आले आहे! मात्र हा करंट नाममात्र गुदगुल्यांइतका देऊन उपयोग नाही. मांडी डोळ्यांना दिसेल इतकी आवळली गेली पाहिजे, आणि त्याच वेळी रुग्णाने स्वतःही ती आवळावी.

यंत्राविना मेंदूला साद घालण्याचाही एक मार्ग आहे. १९९२ साली आयोवा येथे झालेल्या एका प्रयोगात काहींनी करंगळी बाजूला ताणण्याचा व्यायाम प्रत्यक्ष केला, काहींनी केवळ मनात केला. काही आठवड्यांनी पहिल्या गटाची ताकद ३० टक्क्यांनी वाढली, आणि नुसती कल्पना करणाऱ्यांची २२ टक्क्यांनी. स्नायू न हलवता! तेव्हापासून हा मनोव्यायाम गुडघ्याच्या रुग्णांतही करून पाहिला गेला आहे. त्याला खर्च नाही, अपाय नाही. डोळे मिटून, आपण पायरी चढत आहोत, मांडी आवळत आहे, गुडघा सरळ होत आहे, असे सावकाश, तपशिलाने पाहावयाचे. आणि मग लगेच तीच हालचाल प्रत्यक्ष करावयाची.

रुग्णालयापासून थोडे चालल्यावर शेफिल्डची वनस्पती-उद्यान लागते. १८३६ साली खुली झालेली ही बाग उतारावर आहे. वरच्या अंगाला काचेची लांब दालने, खाली उतरत जाणाऱ्या वाटा, ठिकठिकाणी बाके. तेथे एक आजी आपल्या मुलीसोबत चालत होत्या. पायऱ्या आल्या की मुलगी त्यांना हात देत नव्हती; एक पायरी खाली, शेजारी उभी राहात होती. पडल्या तर सावरावे, पण चढावे त्यांनीच. भाचेसुनेने मला तेथेच पायऱ्यांचा नियम शिकवला: चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय खाली, काठी नेहमी शस्त्रक्रियेच्या पायाबरोबर. कठड्याला हात असावाच. आणि सोबत्याने चढताना मागे, उतरताना पुढे, म्हणजे सदैव खालच्या बाजूस राहावे.

परतण्यापूर्वी एक ठिकाण पाहावयाचे राहिले होते. शेफिल्डहून मँचेस्टरला जाणारी गाडी पेनाइन डोंगरांतून, लांब बोगदे ओलांडत जाते. दोन बोगद्यांच्या मधे होप व्हॅली: दगडी कुंपणे, मेंढ्या, इडेलचे चिमुकले स्थानक. मँचेस्टरहून विगनच्या पलीकडे ॲप्ली ब्रिजला उतरले, की जवळच राइटिंग्टन रुग्णालय आहे. एके काळी क्षयरोग्यांसाठी असलेल्या या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये आधुनिक कृत्रिम खुब्याचे रोपण केले. पोलादी दांडा, लहान गोल डोके आणि पॉलिथिलीनची वाटी. पुढे फ्रँक गन्स्टन नावाच्या कॅनडाच्या शल्यविशारदाने १९६८ साली येथेच आधुनिक गुडघ्याच्या आरंभीच्या रचनांपैकी एक घडवली. आक्काच्या पायात जो गुडघा आहे, त्याच्या वंशावळीतील एक घर हे.

चार्नली यांची कथा यशाची म्हणून सांगितली जाते; मला मात्र तिचा आधीचा भाग अधिक मोलाचा वाटला. १९६२ पूर्वी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले होते. आरंभी परिणाम विलक्षण होते. वर्षानुवर्षे लंगडणारी माणसे वेदनेविना चालू लागली. परंतु काही वर्षांतच टेफ्लॉन झिजले, त्याच्या कणांनी आतील ऊती बिघडल्या आणि शेकडो रुग्णांत तो उपचार फसला. चार्नली यांनी स्वतःच्या मांडीत त्या पदार्थाचे नमुने घालून घेतले व त्यांचा दाह प्रत्यक्ष पाहिला. नवी वाटी हाती आल्यावर मात्र ते घाई विसरले. प्रारंभीची काही वर्षे, जे शल्यविशारद राइटिंग्टनला येऊन ही पद्धत शिकून जात, त्यांनाच ते ती वापरू देत. पहिल्या महिन्यांतील आनंदावर उपचाराची किंमत ठरत नाही, हे त्या माणसाने फार महागात शिकले होते.

ॲप्ली ब्रिजच्या कालव्याकाठच्या बाकावर बसून मी आक्काला फोन लावला. तिने पहिलाच प्रश्न केला, “यंत्राचं काय म्हणतात?”

“यंत्र खरं आहे,” मी सांगितले. “आकाशातून पडलेलं नाही, थोतांडही नाही. पण गुडघ्यानंतर ताकद आणायला ते अजून परीक्षेला बसलेलं आहे, पास झालेलं नाही. आणि पास झालं तरी व्यायाम तुलाच करायचाय.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “म्हणजे माझा पाय मेलेला नाही?”

“नाही आक्का. निरोप पोहोचत नाहीये, एवढंच.”

आगाऊ पैसे आम्ही भरले नाहीत. त्याच पैशातून घरी येणारी फिजिओथेरपिस्ट सहा आठवड्यांसाठी ठरवली. सकाळ-संध्याकाळ आधी पंधरा मिनिटे फडक्यात गुंडाळलेला बर्फ, कारण गारव्याने सूज उतरते आणि मज्जारज्जूचा अटकावही काही काळ सैल होतो. मग मांडीवर करंट, त्याबरोबर गुडघ्याखाली टॉवेलची सुरळी ठेवून ती दाबणे. पाय सरळ उचलणे. उंच खुर्चीतून हातांच्या आधाराविना उठणे. शेवटी एक पायरी. व्यायामाआधी वेदनाशामक कधी घ्यावे, हे शल्यविशारदांना विचारून ठरवले. आहारात डाळ, दूध, अंडे वाढवले. मी परत आले तेव्हा मांडीवर हात ठेवताच ती कडक झालेली लागली. श्रावणात आक्का कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून, चौतीस पायऱ्या उतरली आणि कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन आली. अजूनही ती सावकाशच चालते.

ज्यांच्या घरी असेच माहितीपत्रक येईल, त्यांनी पैसे देण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. हा उपचार नेमक्या या त्रासासाठी मान्यताप्राप्त आहे, की प्रयोगाचा भाग आहे? प्रयोग असेल तर नैतिक समितीची परवानगी आहे का, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे का घेतले जात आहेत? बैठकीबरोबर व्यायाम कोण करवून घेणार? आरंभी ताकद मोजणार का, आणि शेवटी कशाने मोजणार? आकडीचा पूर्वेतिहास, डोक्यात धातूची क्लिप, कानातील कॉक्लिअर रोपण किंवा हृदयाचा पेसमेकर असल्यास ते आधीच सांगावे. अशांना चुंबकीय उत्तेजन धोक्याचे ठरू शकते. गुडघ्यातील धातूचा मात्र डोक्यावरील वेटोळ्याला अडथळा नाही, कारण ते क्षेत्र काही सेंटिमीटरच्या पलीकडे क्षीण होते.

आणि ताकद येत नाही म्हणून केवळ व्यायाम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांकडून एकदा पाय तपासून घ्यावा. पोटरी सुजून दुखणे, ताप, जखमेतून स्राव, गुडघा एकाएकी तापणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काही दिसल्यास थांबू नये. छातीत दुखले किंवा दम लागला तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

फॅरेडे यांच्या कड्यापासून बार्कर यांच्या वेटोळ्यापर्यंत दीडशेहून अधिक वर्षे गेली. मेंदूपासून मांडीपर्यंतची वाट मोकळी करणारे खात्रीचे यंत्र उद्या येईलही, आणि ते आले तर त्याचे स्वागतच करू. तोवर घरातील सोबत्याने रोज दोनदा रुग्णाच्या मांडीवर हात ठेवावा, “इथे आवळा” असे शांतपणे म्हणावे, आणि बोटांखाली स्नायू किंचित जरी कडक झाला, तरी ते त्याला मोठ्याने सांगावे.